ऐरण बसवायची आहे

निफाड तालुक्यात ओझरला विमानांचा कारखाना आहे. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथं सुखोई तयार होऊ लागली, आणि आता द्राक्षबागेत राबणाऱ्या बायाबापड्यांच्या डोक्यावरून ती कडाडत जातात. माणसं मान वर करतात, कानांवर हात ठेवतात आणि पुन्हा कामाला लागतात. 'सुखोईचा डावा पंख दोन बोटं मागं घ्या' असं सांगायला तालुक्यातलं कोणी कारखान्याच्या फाटकावर गेल्याचं ऐकिवात नाही. आपल्याला कळत नाही तिथं तोंड उघडू नये, एवढा शहाणपणा निफाडकरांकडे नक्की आहे. फक्त तो लोहाराच्या दारापाशी संपतो.

आमच्या लोहारमामांना गेल्या हिवाळ्यात ऐरण हलवायची होती. रस्ता रुंद व्हायचा म्हणून शेड बारा फूट मागं घेणं भाग होतं. पत्रे तासाभरात उतरले. भट्टी म्हणजे विटा आणि माती. तिला पहारेचे चार टोले पुरले. चामड्याचा भाता मामांच्या वडिलांबरोबरच गेला होता, त्याच्या जागी आलेला विजेचा पंखा नातवानं बगलेत मारून नेला. उरली ऐरण. ती बसलेली बाभळीच्या ओंडक्यावर, आणि ओंडका तीन फूट जमिनीत. म्हणजे ती उचलून ठेवायची नव्हती, उपटून पुन्हा लावायची होती. आणि लावणी म्हटली की शेतकऱ्याला मत असणारच.

त्यात महिना जानेवारी. थंडीच्या बातमीत निफाडचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यांत खाली असतो, हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजला जातो आणि तो वाचून मुंबईकर कपाटातला स्वेटर शोधतात. आमचे बागाईतदार द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या करतात, आणि स्वतःला तडे जाऊ नयेत म्हणून सकाळी लोहाराच्या भट्टीपाशी येतात. एप्रिलमध्ये मामांकडे काम असेल तोच येतो. चाळीस अंशांत भट्टीशेजारी उभं राहून सल्ला देण्याइतका परोपकारी माणूस तालुक्यात जन्मायचा आहे. जानेवारीत मात्र दिवस उजाडायच्या आत सल्लागार मंडळाची गणसंख्या पूर्ण असते.

या मंडळाला परंपराही आहे. बलुतेदारीत लोहार हा थोरल्या ओळीतला माणूस. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५च्या 'गावगाड्या'त ही सगळी व्यवस्था मांडून ठेवली आहे. त्या काळी लोखंड शेतकऱ्याचं, कोळसा शेतकऱ्याचा, घण मारायला गडीही पुष्कळदा त्याचाच, आणि मजुरी सुगीला धान्यात. इतकं सगळं आपलंच असल्यावर लोहारशाळेत काय कुठं असावं हेही आपणच सांगायचं, असं गावाला वाटू लागलं तर नवल नाही. पुढे बलुतं गेलं, रोखीचा व्यवहार आला, तोही आता मोबाईलवर टुण्णदिशी वाजतो. मत देण्याचा हक्क मात्र कुठल्याच कायद्यानं काढून घेतला नाही.

ऐरणीच्या जागेविषयी पहिलं मत वास्तूवाल्या तात्यांचं आलं. तात्या एरवी बियाणं विकतात, पण गेली काही वर्षं लोकांची स्वयंपाकघरं हलवून देतात. त्यांनी फोनवर होकायंत्र उघडलं, शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, "भट्टी आग्नेयेला. अग्नीची दिशाच ती. आणि जड वस्तू नैऋत्येला. म्हणजे ऐरण त्या कोपऱ्यात."

मामांनी आग्नेयेचा कोपरा पाहिला, नैऋत्येचा पाहिला. मध्ये पंधरा फूट अंतर.

"तात्या, विळ्याची पात केवढी असते?"

"असंल बोटभर रुंद."

"ती लाल करून मी इथून निघालो तर तिथं पोचेस्तोवर काळी पडंल. मग तिथं मी नुसता नमस्कार करीन ऐरणीला."

हे खरंच आहे. लोहारकाम म्हणजे लोखंडाशी नव्हे, थंड होण्याशी लावलेली शर्यत. पातळ पट्टी भट्टीतून काढली की हातात काही क्षणच असतात. तेवढ्यात जेवढे घाव बसतील तेवढेच कामाचे, पुढचे नुसत्या आवाजाचे. म्हणून भट्टी आणि ऐरण यांच्यात अंतर असतं ते लोहाराच्या अंगाचं. बसून काम करणारा असेल तर डावा हात लांब केला की सांडशी भट्टीत, आखडता घेतला की लोखंड ऐरणीवर. उभ्यानं काम करणाऱ्याला एक पाऊल आणि अर्धी गिरकी. दिशा कुठलीही असो. तात्यांनी यावर तोडगा म्हणून दोन्ही वस्तू दक्षिणेला मधोमध घेऊन बाजूला तांब्याची पट्टी पुरायला सांगितली. मामा म्हणाले, तांबं मिळालं तर मी विकीन.

दुसरं मत रेल्वेतून निवृत्त झालेल्या आबांचं. कसबे सुकेणे ते लासलगाव या पट्ट्यात त्यांनी आयुष्यभर रूळ तपासले, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण रुळाच्या तुकड्यानं सुटते अशी त्यांची धारणा आहे. "ऐरण हवी कशाला? फूटभर रूळ घ्या. मीटरला ५२ किलो. पोलाद असं की त्यावरून मालगाडी जाते, तुमचा कोयता काय घेऊन बसलात?" एवढं बोलून आबा एकदम गप्प झाले आणि त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कारण रेल्वेचा माल विनापरवाना जवळ बाळगला तर १९६६चा एक खास कायदा आहे, आणि तो आबांना विमा पॉलिसीपेक्षा जास्त पाठ आहे. मामांच्या मुलाकडे असा एक तुकडा आहेच. तो रीतसर भंगाराच्या लिलावातून फिरत आला आहे, आणि त्याची पावती लॅमिनेट करून विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी टांगली आहे. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

रूळ चांगला की ऐरण चांगली, यावर मग विज्ञानाच्या निवृत्त गुरुजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. गणित सोपं आहे. घाव घातला की त्याचा जोर दोन ठिकाणी जातो: काही लोखंडाला आकार द्यायला, काही ऐरणीलाच हलवायला. ऐरण जितकी जड तितका दुसरा हिस्सा कमी. मामांची ऐरण सुमारे ५७ किलोची. तिच्यावर पाच किलोचा घण घातला तर शंभरातले आठ हिस्से वाया जातात. तोच घण १६ किलोच्या फूटभर रुळावर घातला तर जवळजवळ पाव हिस्सा वाया. म्हणजे चार घावांतला एक घाव रुळाच्या करमणुकीसाठी. ऐरण जमिनीत गाडलेल्या ओंडक्यावर पक्की बसवतात ती याचसाठी. मग घणाला नुसती ऐरण हलवून भागत नाही, निफाड हलवावं लागतं. गुरुजींचं गणित बिनचूक होतं. पत्रिका मात्र त्याच दिवशीच्या लग्नाची निघाली आणि ते अर्ध्यावर उठून विंचूरला पळाले.

मामांच्या ऐरणीचंच वजन इतकं नेमकं ठाऊक असायचं कारण म्हणजे ते तिच्या कुशीवर कोरलेलं आहे: १-०-१४. जुन्या विलायती ऐरणींवर असे तीन आकडे असत. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. बेरीज १२६ पौंड. ही गोष्ट गुरुजींनी सांगेपर्यंत त्या आकड्यांचे गावात तीन अर्थ होते. एक पक्ष त्याला बनावटीची तारीख म्हणे. दुसरा म्हणे किंमत आहे, एक रुपया चौदा आणे. तिसऱ्या पक्षानं अर्थाच्या भानगडीत न पडता तो आकडा ओपन-क्लोजला लावला होता, आणि लागला नाही म्हणून तो ऐरणीवर अजून नाराज आहे.

ती निफाडात आली कशी, हाही वाद आहे. कोणी म्हणतं नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याच्या कामावरून आली, कोणी म्हणतं रेल्वेच्या कुठल्याशा वर्कशॉपच्या लिलावातून. शिवाय न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. त्यामुळे गावात शंभरीच्या पुढची कुठलीही वस्तू निघाली की ती रानड्यांच्या घराजवळ होती असं सांगणारा एक तरी भेटतोच. ऐरणीच्या बाबतीत तो भेटला आहे. न्यायमूर्तींनी ऐरणीचं काय केलं असेल, हे मी त्याला विचारलं नाही. तो सांगेल अशी भीती वाटली.

असो. खड्डा खणायला सुरुवात झाली आणि खरा प्रश्न वर आला: माती. गोदाकाठची ही काळी जमीन कांद्याला उत्तम, ऐरणीला महाबिलंदर. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या जागी मामांची ऐरण आषाढात पूर्वेला झुकायची आणि वैशाखात पश्चिमेला. त्या काळात घडवलेले कोयते कोणत्या महिन्याचे हे म्हणे वाकावरून ओळखू यायचं. यावर उपाय एकच: काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, तळाला दगड बसवायचा, ओंडका उभा सोडायचा आणि भोवती मुरूम थराथरानं ठोकायचा. ओंडका उभाच हवा, झाड जसं वाढलं तसा. आडवा टाकला तर घाव लाकडाच्या कुशीवर येतात आणि ते चार महिन्यांत चिरफाळतं. बाभूळ का, तर ती कठीण आणि चिवट. शिवाय बांधावर फुकट. फुकट हा गुण लोहारशास्त्रात फार वर आहे.

इथं मामांच्या भाच्यानं तोंड घातलं. तो पुण्यात सिव्हिल इंजिनियर आहे आणि सुट्टीला आला होता. त्याच्या मते हे सगळं जुनाट होतं. एम-२० काँक्रीटचा ठोकळा ओतायचा, त्यात बोल्ट सोडायचे, वर ऐरण आवळायची, पुढची शंभर वर्षं बघायला नको. मामा त्याला काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या हातात हातोडा दिला आणि समोरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर लोखंडाचा तुकडा ठेवून दहा घाव घालायला सांगितले. सहाव्या घावाला भाचा कोपर चोळत बसला, सातव्याला कट्ट्याचा टवका उडाला. लाकूड घाव थोडा गिळतं; काँक्रीट तो जसाच्या तसा कोपराला परत करतं. भाच्यानं मग ओंडक्यासाठी खड्ड्याचं रेखाचित्र मात्र फार सुंदर काढून दिलं, तीन बाजूंनी.

ऐरण नव्या जागी येणार म्हणजे तिचा आवाजही येणार. नवी जागा एका अभ्यासिकेच्या भिंतीला लागून. तिथं तीस-चाळीस पोरं स्पर्धापरीक्षेची तयारी करतात, शांतता विकत घेतात, महिन्याचे पैसे आगाऊ भरून. त्यातला एक जण तक्रार घेऊन आला. चांगल्या ऐरणीची खूण अशी की ती घंटेसारखी वाजते. लोखंडी छर्रा, म्हणजे ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली गोळी, तिच्या माथ्यावर फूटभरावरून सोडली तर ती नऊ-दहा इंच परत उडते. बिडाची ऐरण असेल तर गोळी ढुप्पकन बसून राहते. तो उसळणारा घाव लोहाराचा हातोडा फुकटात वर उचलून देतो, म्हणून लोहार त्यावर खूश. शेजारी तितका नसतो.

मामांनी ऐरणीच्या कमरेला जुनी ट्रकची साखळी गुंडाळली आणि पट्टीनं ओंडक्याला आवळली. टणत्कार अर्ध्यावर आला. पोरगं समाधान होऊन जाताना म्हणालं, "मामा, आमच्या पुस्तकात पण ऐरण आहे. कानात असते. हातोडा, ऐरण, रिकीब." मामांनी हे दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे या ऐरणीनं माझी ती ऐरण घालवली म्हण की." मामांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. सल्लागार मंडळ नेहमी डाव्या बाजूला बसवलेलं असतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

एक उपद्रव मात्र साखळीनंही आवरत नाही. 'साधी माणसं' चित्रपट आला १९६५ साली. त्यातलं ऐरणीचं ते गाणं जगदीश खेबुडकरांनी लिहिलं, लताबाईंनी गायलं आणि 'आनंदघन' या नावानं संगीतही त्यांनीच दिलं. तेव्हापासून महाराष्ट्रात ऐरण दिसली की माणूस गुणगुणतो. गुणगुणण्याला मामांची हरकत नव्हती. आता प्रीवेडिंगवाले येतात. नवरा फेटा बांधून घण हातात घेतो, नवरी पंख्याचं बटण दाबते, आणि ड्रोन वर घिरट्या घालतो. मागच्या मोसमात एका नवरदेवाला घण खांद्याच्या वर नेता आला नाही. फोटोवाल्यानं तो खाली आणतानाचं चित्रण उलटं फिरवून वर नेल्याचं दाखवलं. संसाराची सुरुवात झाली.

आता उंची. सगळा खेळ इथं आहे, आणि याबाबत सल्लागार मंडळात एकमत होतं, म्हणजे प्रत्येकाचं एक मत होतं. उभ्यानं काम करणाऱ्याचा हिशेब जगभर एकच: सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मूठ आवळायची, पेरं जिथं येतील तो ऐरणीचा माथा. शिंप्याकडे शर्टाचं माप देतात तसं हे माप. मामांचा मुलगा आयटीआय करून आलेला, उभ्यानं काम करतो. त्याचा रूळ वाळू भरलेल्या ड्रमवर त्याच्या मुठीच्या मापानं आहे. मामा पोत्यावर बसून काम करतात, त्यांच्या वडिलांसारखे. त्यांचा माथा जमिनीपासून दीड वीत. त्यामुळे एकाच शेडमध्ये दोन पिढ्या दोन मजल्यांवर राहतात. गिऱ्हाइकंही वाटलेली आहेत. ट्रॅक्टरवाले, रोटाव्हेटरची पाती घेऊन येणारे, मुलाकडे जातात. खुरपं, विळा, कुळवाची फास शेवटायला आणणारे म्हातारे मामांसमोर उकिडवे बसतात. सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ला पीएम विश्वकर्मा योजना आणली, अठरा कारागिरींत लोहार आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. मुलानं अर्ज भरला. मामांनी एवढंच विचारलं की बसणाऱ्याला जास्त की उभ्याला.

पण ऐरणीवर फक्त मामा नसतात, आणि हे सल्लागारांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जाड काम असलं, पहारेला टोक काढायचं असलं, की समोर मामी उभ्या राहतात. मामा डाव्या हातात सांडशी धरून, उजव्या हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवतात, टिक्. मामी त्या जागी घण घालतात, धाड्. टिक् धाड्, टिक् धाड्. रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाडी बिऱ्हाडांतही घण बाईच्याच हातात दिसतो, आणि तरी लोहाराचं चित्र काढताना मिशीवाला पुरुष काढतात. तर बसणारे मामा दीड वीत मागतात, आणि उभ्या मामी त्या दीड वितीपुढे गेली तीस वर्षं वाकतात. मुठीचं माप घ्यायचं ते कुणाच्या?

ओंडका खड्ड्यात सोडला, मुरूम टाकायची वेळ आली, आणि माथा किती ठेवायचा यावर तात्या, आबा, भाचा आणि विंचूरहून परतलेले गुरुजी एकदम बोलू लागले. मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी तबक भाच्याच्या हातात दिलं, ओंडक्यावर आडवा हात ठेवला आणि म्हणाल्या, "चार बोटं वर घ्या. माझी कंबर जाते."

"मग माझा हात उचलंल ना," मामा म्हणाले.

"तुम्ही पाटावर बसा."

घरातून जेवायचा लाकडी पाट आला. मामा त्यावर बसले. पाट चार बोटं उंच होता. मंडळ गप्प झालं. त्या सकाळी पहिल्यांदाच नुसता चहाचा आवाज आला.

ऐरण आता दीड वीत आणि चार बोटांवर आहे. चोच डावीकडे, कारण मामा उजवे; भट्टी हाताच्या अंतरावर, दिशा कुठलीशी. पाडव्यानंतर तात्या होकायंत्र घेऊन पुन्हा येऊन गेले आणि योगायोगानं सगळं बरोबर बसलंय असं सांगून गेले.

कुणाला विळे-खुरपी शेवटायची असतील तर उन्हाळ कांदा निघायच्या आत, फेब्रुवारीतच आणून टाका. मार्चमध्ये नंबर लागत नाही. अमावस्येला दुकान बंद असतं. बसायला बाहेर बाकडं आहे, त्यावर बसा. ऐरणीवर बसू नका. मामी उठवतात, आणि तेव्हा त्यांच्या हातात काय असेल ते सांगता येत नाही.